हरकत कोण घेणार?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा सूचना आणि नावात बदल केल्याच्या जाहिराती यांच्या शेजारी, अधूनमधून एक चौकट प्रसिद्ध होत असते. टंक इतका बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. भाषा इतकी रूक्ष की दुसऱ्या ओळीवर नजर घसरते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ चा त्यात उल्लेख असतो. अमुक सर्व्हे क्रमांकाचे क्षेत्र खेळाच्या मैदानाच्या आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे, ज्या कोणास हरकत अथवा सूचना करावयाची असेल त्याने ती एक महिन्याच्या आत लेखी सादर करावी, असा तिचा आशय असतो.

बहुतेक घरांतून ते पान न उघडताच रद्दीत जाते. महिना उलटतो. काही वर्षांनी त्या मैदानाच्या जागी मनोरा उभा राहतो. गल्लीत मोटारी मावेनाशा होतात, नळाची धार करंगळीएवढी होते, पहिल्याच मोठ्या पावसात गटारे उलटी वाहू लागतात. मग सारा परिसर संतापाने विचारतो, "याला परवानगी दिली तरी कोणी?" या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. परवानगी शासनाने आणि महापालिकेने दिली, हे खरेच. परंतु त्यापूर्वी समाजाला विचारण्यात आले होते आणि समाज गप्प राहिला होता.

आपली शहरे बकाल होण्याचा दोष राज्यकर्ते आणि बिल्डर यांच्या संगनमतावर टाकण्याची रीत आता इतकी रुळली आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तो दोष खोटा नाही, पण अपुरा आहे. चोर आला हे सांगणाऱ्याने दाराला कडी कोणी लावायची होती, याचेही उत्तर दिले पाहिजे. नगररचनेच्या कायद्याने ही कडी नागरिकाच्या हाती दिली आहे. तिचे नाव हरकत. ती वेळेवर लावली तर एका कागदाचे काम असते. वेळ टळल्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली तरी गेलेली जमीन परत येत नाही. महाराष्ट्रातील दोन मोठ्या नगरांचा गेल्या पाव शतकाचा इतिहास याची साक्ष देतो.

आराखडा: समाजाशी केलेला करार

विकास आराखडा हा शब्द ऐकला की सामान्य माणसाला अभियंत्यांच्या टेबलावरचे रंगीत नकाशे आठवतात. प्रत्यक्षात तो शहराने स्वतःशी आणि पुढील पिढीशी केलेला करार आहे. पुढील वीस वर्षांत लोकसंख्या किती वाढेल, तिला शाळा किती लागतील, दवाखाने कोठे हवेत, मंडई कोठे, स्मशानभूमी कोठे, मुले कोठे खेळतील आणि वृद्ध कोठे बसतील, याचा जाहीर संकल्प म्हणजे विकास आराखडा. पिवळ्या रंगाचा रहिवास, निळ्या रंगाचा व्यापार आणि हिरव्या रंगाची मोकळी जागा यांचे प्रमाण त्यात ठरते. घरांची आणि व्यापारी संकुलांची प्रत्येक परवानगी पुढे या कराराच्या कसोटीवर तपासली जावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

या कायद्याने जनतेसाठी दोन दारे ठेवली आहेत. पहिले दार आराखडा प्रारूप अवस्थेत असताना उघडते. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि त्यांच्या सुनावणीसाठी नियोजन समिती नेमली जाते. महापालिकेच्या स्थायी समितीतील तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत जाणकार, अशी तिची रचना असते. लोकप्रतिनिधीने लोकांची नाडी पाहावी आणि जाणकाराने शास्त्र पाहावे, असा हा समतोल आहे. समितीचा अहवाल महापालिकेपुढे येतो, आराखडा शासनाकडे जातो आणि शासन त्यास अंतिम मंजुरी देते.

दुसरे दार मंजुरीनंतरचे आहे, आणि बहुतेक शहरे याच दारातून लुटली गेली आहेत. कलम ३७ अन्वये मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. अट एवढीच की त्या फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. सरकारी कागदोपत्री यास 'किरकोळ फेरबदल' म्हणतात. आता एक मैदान वगळले तर शहराचे स्वरूप बदलत नाही, दुसरे वगळले तरी बदलत नाही आणि तिसऱ्याने तर मुळीच नाही! अशा रीतीने प्रत्येक फेरबदल एकेकटा किरकोळ ठरतो आणि सर्वांची बेरीज मात्र शहराच्या मुळावर येते. धान्याच्या कोठाराला उंदराने पाडलेले प्रत्येक भोक लहानच असते.

ही व्यवस्था परकीयांकडून आलेली, ती आपल्या समाजाच्या अंगवळणी कशी पडणार, असेही कोणी म्हणतात. त्यांनी कौटिलीय अर्थशास्त्राचे तिसरे अधिकरण उघडून पाहावे. घर, शेत, बाग, तळे यांच्या विक्रीचे नियम तेथे दिले आहेत. वास्तू विकावयाची तर चाळीस शेजारी कुटुंबांच्या देखत, त्या वास्तूसमोर उभे राहून तशी घोषणा करावी, असा दंडक त्यात आहे. शेजाऱ्याला उपद्रव होईल अशा दारे-खिडक्यांना आणि सांडपाण्याच्या वाटांनाही त्याने दंड सांगितला आहे. जमीन खासगी असली तरी तिचे परिणाम खासगी नसतात, हे तत्त्व या भूमीत इतके जुने आहे. त्या शास्त्रात घोषणा जागेवर होत असे आणि ऐकणारे शेजारी समोर असत. आज ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात होते आणि ऐकणारा कोणीच नसतो.

गिरणगावाने शिकवलेला धडा

एका ओळीने शहर कसे बदलते, हे पाहायचे असेल तर मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात ५८ कापड गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या घरात कामगार रस्त्यावर आले आणि त्यानंतर बहुतेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा पूर्वीसारखे वाजले नाहीत. गिरण्यांचा धंदा संपला, उरली ती जमीन. आणि बेटासारख्या चिंचोळ्या मुंबईत जमीन म्हणजे सोने.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीसाठी एक न्याय्य वाटणी सांगितली होती. गिरणीची जागा विकसित करावयाची झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. कामगाराला घर, शहराला श्वास आणि मालकाला मोबदला, असा तो हिशेब होता. १९९६ साली राज्य शासनाने प्रसिद्ध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. सुट्या तुकड्यांऐवजी संपूर्ण परिसराचा एकत्रित विचार व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. तो अहवाल मंत्रालयाच्या कपाटात विसावला.

पुढे २००१ मध्ये नियम बदलला. बदल दिसायला लहान होता. वाटणी कोणत्या जमिनीची करायची? तर गिरणीच्या आवारात जी जागा आधीपासूनच मोकळी आहे, तेवढ्याचीच. शेड पाडल्याने जी जागा मोकळी होईल, ती वाटणीतून बाहेर. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी शेडच! म्हणजे वाटणीचे सूत्र कागदावर तसेच राहिले, पण ज्या ताटात वाढायचे ते ताटच बशीएवढे झाले. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला येणारी जमीन अपेक्षेच्या कितीतरी खाली घसरली.

या बदलाविरुद्ध मुंबई पर्यावरण कृती गटाची जनहित याचिका उच्च न्यायालयात आली ती २००५ साली, म्हणजे चार वर्षांनी. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि २००१ चा नियम वैध ठरवला. या दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. एकट्या मुंबई टेक्स्टाईल मिलच्या जागेला ७०२ कोटी रुपयांची बोली लागली होती. न्यायालय कायद्याचा अर्थ लावते, शहराचे नियोजन करीत नाही. नियोजन ज्या क्षणी करायचे होते, तो क्षण २००१ मध्येच निघून गेला होता.

कामगारांच्या पदरात काय पडले? २०१२ साली गिरणी कामगारांसाठी म्हाडाने काढलेल्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या दीड लाखांच्या घरात होती. ज्यांच्या घामाने मुंबई उभी राहिली, त्यांच्या वारसांना मुंबईबाहेर घर घ्या, असे सुचवण्याची पाळी पुढे आली. लालबाग-परळचा मराठी कामगार आपले भजनी मंडळ, आपली व्यायामशाळा आणि आपला गणेशोत्सव मागे टाकून डोंबिवली, बदलापूर, विरारच्या गाडीत बसला. याला कोणी स्थलांतर म्हणेल. ते सूत्रबद्ध विस्थापन होते, फक्त त्यावर कोणाची सही आहे हे दिसत नव्हते.

आणि ज्यांच्यासाठी काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांना तरी सुख लाभले काय? गिरणीचा कामगार शेजारच्या चाळीतून पायी कामावर येत असे. त्याच जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत हजारो नोकरदार उपनगरांतून लोकलने येऊ लागले. कार्यालये वाढली, परंतु स्थानकाचा जिना आणि पादचारी पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. त्या दिवशीचा पाऊस, अरुंद जिना आणि पसरलेली घबराट ही तात्कालिक कारणे होती. मूळ कारण हे की जमिनीवर किती माणसे आणायची याचा निर्णय घेणाऱ्यांनी ती येणार कशी, याचा विचार केला नव्हता. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. एकेकाळी जेथे सूत निघत होते, तेथे नियमांचे धिंडवडे निघाले.

२००१ च्या त्या फेरबदलावर मुंबईतील किती गृहनिर्माण संस्थांनी, किती मंडळांनी, किती पक्षांनी, किती सामाजिक संघटनांनी वेळेवर आणि नेटाने हरकती घेतल्या? हा प्रश्न सर्व रंगांच्या झेंड्यांना विचारला पाहिजे. १९९१ पासून आजवर सत्तेवर निरनिराळे पक्ष आले आणि गेले. गिरणगावाच्या जमिनीचा प्रवास मात्र एकाच दिशेने होत राहिला.

जागा झालेला समाज काय करू शकतो

हरकती घेऊन काय होते, शेवटी व्हायचे तेच होते, असा निराशेचा सूर यावर उमटेल. त्याला त्याच मुंबईने २०१५ मध्ये उत्तर दिले आहे. शहराचा २०१४ ते २०३४ या काळाचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही भागांत चटई क्षेत्र निर्देशांक आठपर्यंत नेण्याची त्यात कल्पना होती. आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात विकासकेंद्र दाखवले होते. वारसा वास्तू गाळल्या गेल्या होत्या आणि रस्ते भलत्याच ठिकाणांहून नेले होते.

या वेळी मात्र मुंबई झोपली नाही. वास्तुरचनाकारांनी नकाशे सोप्या भाषेत समजावून सांगितले. गृहनिर्माण संस्था, शाळा, मंदिरांचे विश्वस्त, चर्चची मंडळे, कोळीवाड्यांतील पंच, सारे आपापल्या भागाचा नकाशा पुढ्यात घेऊन बसले. हजारोंच्या संख्येने लेखी हरकती दाखल झाल्या. परिणाम असा झाला की एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो प्रारूप आराखडा बाजूला सारून नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, मंजुरी मिळून ते २०१८ मध्ये अमलात आले. नवा आराखडा निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. ना-विकास क्षेत्राची दारे परवडणाऱ्या घरांच्या नावाने किलकिली झाली, हा आक्षेप त्यावरही आहे. परंतु देशातील सर्वांत धनाढ्य महापालिकेचा आराखडा सामान्य नागरिकांच्या कागदांपुढे माघारी जातो, ही गोष्ट लहान नव्हे.

दोन्ही प्रसंग एकाच शहरातील आहेत. एकदा आवाज चार वर्षे उशिरा उठला आणि सर्वोच्च न्यायालयातही हाती काही लागले नाही. एकदा तो मुदतीत उठला आणि मंत्रालयाला ऐकावे लागले. फरक होता तो वेळेचा आणि संख्येचा.

सुनावणीचा सोपस्कार

अर्थात नागरिक जागे झाले म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नाही. पुण्याचा अनुभव दुसरी बाजू दाखवतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी होता. त्याचे प्रारूप प्रसिद्ध व्हायला २०१३ उजाडले. त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. पुणेकरांच्या जागरूकतेचा हा पुरावाच होय. परंतु सुनावणी करणाऱ्या समितीत एकमत होऊ शकले नाही आणि मुदतीही टळत गेल्या. अखेर मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. शासनाची मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षे आराखडा होण्यातच गेली! त्या दहा वर्षांत पुणे थांबले होते काय? इमारती उभ्या राहतच होत्या.

टेकड्यांची कथाही अशीच. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे सुमारे ९७८ हेक्टरचे आरक्षण सुचवले गेले. पुणेकरांनी त्यासाठी सह्या गोळा केल्या, टेकड्यांवर पदयात्रा काढल्या, महापालिकेच्या सभागृहात ठाण मांडले. शासनाचा निर्णय व्हायला २०१५ उजाडले. आरक्षण टिकले, हा नागरिकांचा विजय. पण नकाशावर हिरवा रंग भरणे वेगळे आणि जमिनीचा मोबदला देऊन ती ताब्यात घेणे वेगळे. दुसरे काम रेंगाळले की पहिल्या कामाला वाळवी लागते.

त्यातच २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह राज्यातील अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढील तीनहून अधिक वर्षे तेथे प्रशासकांचा कारभार चालला. नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही. ठराव मांडणारा प्रशासक, मंजूर करणारा प्रशासक आणि अंमलबजावणी करणाराही प्रशासकच. अधिकारी व्यक्तिशः कितीही सचोटीचा असला, तरी ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही अशी व्यवस्था लोकशाहीच्या नावाला शोभत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वशासनाचा अधिकार दिला. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली. ग्रामसभेत गावकरी जसा बोलतो, तसे शहरातील मतदाराने आपल्या प्रभागात बोलावे, हा तिचा हेतू. ती तरतूद आजही पुस्तकातच बंदिस्त आहे. राज्यात सर्व प्रमुख पक्षांना सत्ता मिळाली. क्षेत्रसभा भरवण्याची निकड त्यांपैकी एकालाही वाटली नाही, यातच सारे आले.

'विकासविरोधी' कोण?

हरकत घेणाऱ्यावर 'विकासविरोधी' असा शिक्का मारण्याची फॅशन आहे. पूर्वी ज्याला बिल्डर म्हणत, त्याने स्वतःला 'विकासक' हे भारदस्त नाव धारण केल्यापासून तर त्याला विरोध म्हणजे विकासालाच विरोध, असा शब्दच्छल सोपा झाला आहे. या आक्षेपातील सत्यांश मात्र मान्य केला पाहिजे. शहरांना घरे हवीत. तरुण दांपत्याला परवडणारे घर मिळत नसेल, तर केवळ मैदाने राखून समाज सुखी होणार नाही. व्यापारी संकुले हवीत, कारण रोजगार तेथेच निर्माण होतो. आणि ज्याच्या जमिनीवर शाळेचे आरक्षण टाकून महापालिका वर्षानुवर्षे ती घेतही नाही आणि सोडतही नाही, त्या जमीनमालकावरही अन्यायच होतो. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतरही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपुष्टात येते, हे कलम १२७ त्या अन्यायाची दखल घेऊनच आले.

परंतु याच कलमाचा उपयोग पुष्कळदा कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. महापालिका झोपेचे सोंग घेते, मालकाची नोटीस फायलींच्या ढिगात दबते, मुदत टळते आणि आरक्षण निकालात निघते. जागा तोवर कोणीतरी जाणत्याने स्वस्तात घेऊन ठेवलेली असते. शेतकरी किंवा मूळ मालक अज्ञानात राहतो, शाळा होत नाही, लाभ तिसऱ्याचाच. म्हणून खरा प्रश्न विकास हवा की नको, हा नाही. ठरलेला करार उघडपणे, कारणे देऊन बदलायचा की अंधारात, हा आहे. चटई क्षेत्र वाढवा, जरूर वाढवा. पण वाढलेल्या माणसांना पाणी कोठून येणार, मैला कोठे जाणार, अग्निशमन दलाचा बंब गल्लीत शिरणार कसा, एवढे तरी आधी सांगा! ज्याला हे विचारणे विकासविरोधी वाटते, त्याला विकास नको आहे, त्याला फक्त विक्री हवी आहे.

मध्यमवर्गाने आरशात पाहावे

येथे आणखी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. वाहतूक कोंडीवर सर्वाधिक तावातावाने बोलणारा आणि पुनर्विकासाच्या प्रस्तावावर सर्वांत आधी सही करणारा वर्ग एकच आहे. चार मजल्यांच्या जुन्या इमारतीच्या जागी वीस मजले होणार असतात. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारले जातात ते वाढीव क्षेत्र किती, कॉर्पस किती, भाडे किती आणि मोटार ठेवायला जागा किती, एवढेच. त्या रस्त्यावरच्या दहाही संस्थांनी असेच केले तर रस्त्याचे काय होईल, हा प्रश्न विचारणारा सभासद अव्यवहारी ठरतो. जीर्ण इमारतींचा पुनर्विकास आवश्यक आहे, यात शंका नाही. पण प्रत्येकाने फक्त आपल्या दिवाणखान्याची लांबी मोजायची आणि शहराची रुंदी कोणी मोजायचीच नाही, ही वृत्ती नागरिकाची नव्हे, ग्राहकाची आहे.

मुंबईत दरडोई मोकळी जागा दोन चौरस मीटरही नाही. याचा अर्थ ज्या मैदानावर सकाळी वृद्ध फिरतात, सायंकाळी मुले खेळतात, शाखा लागते, नवरात्रात घट बसतात आणि आपत्तीच्या वेळी माणसे आसरा घेतात, ते मैदान म्हणजे 'रिकामी जागा' नाही. समाज जेथे समाज म्हणून एकत्र येतो, ती ती जागा आहे. देशभक्तीची भाषणे ऐकायला मैदान लागते आणि ते मैदान वाचवायला कलम ३७ ची सूचना वाचावी लागते. पहिले काम उत्साहाचे आहे, दुसरे कंटाळवाणे. परंतु समाजाची बांधणी ही बहुतांशी कंटाळवाण्या कामांनीच होत असते, हे कार्यकर्त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

मागावे काय आणि करावे काय

शासनाकडे मागण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. फेरबदलाची सूचना त्या जागेवरच, ठळक मराठीत, नकाशासह फलकावर लावणे बंधनकारक करावे. कौटिल्याला जे सुचले, ते एकविसाव्या शतकातील नगरविकास खात्याला अशक्य नसावे. प्रत्येक हरकतीवर काय निर्णय झाला आणि का, हे सकारण लेखी कळवावे. नियोजन समितीचा अहवाल शासनाकडे जाण्यापूर्वी जनतेला पाहता यावा. आरक्षण वगळायचे असेल तर त्याच प्रभागात तेवढीच पर्यायी जागा आधी दाखवावी. एका वर्षात एका शहरात किती 'किरकोळ' फेरबदल झाले आणि त्यांत एकूण किती मैदाने, शाळा, दवाखाने गेले, याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध करावा. बेरीज समोर आली की किरकोळपणाचा बुरखा आपोआप गळून पडेल. आणि क्षेत्रसभा भरवाव्यात.

शासन हे सारे करील तेव्हा करील. तोवर प्रत्येक वस्तीत, प्रत्येक प्रभागात, चार-पाच जणांचा एक गट सहज उभा राहू शकतो. एखादा निवृत्त अभियंता, एखादी वकील भगिनी, एखादा शिक्षक, संगणक जाणणारा एखादा विद्यार्थी. आपल्या भागाचा आराखड्यातील भाग-नकाशा महापालिकेतून मिळवावा. आरक्षित जागांची यादी करून प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जाऊन ती आज कोणत्या स्थितीत आहे, हे टिपून ठेवावे. राजपत्र आणि वर्तमानपत्रांतील सूचना आठवड्यातून एकदा पाहाव्यात. हरकत लिहिताना भावनेपेक्षा तपशिलाला महत्त्व द्यावे: भूमापन क्रमांक, आरक्षणाचा प्रकार, वगळल्याने होणारे नुकसान, सुचवलेला पर्याय. व्यक्तिशः सुनावणी मागावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. सुनावणीला एकट्याने नव्हे, शेजाऱ्यांना घेऊन जावे. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. नवे घर घेणाऱ्याने महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या मंजुऱ्या पाहूनच बयाणा द्यावा. पुनर्विकासाच्या सभेत क्षेत्रफळाइतकाच पाण्याचा आणि रस्त्याचा प्रश्न विचारावा, आणि विचारणाऱ्याला हसू नये.

यांपैकी कोणत्याही कामासाठी तुरुंगात जावे लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही की पैसाही फारसा लागत नाही. लागते ती चिकाटी. समोरच्या पक्षाकडे पगारी माणसे आहेत, ती प्रत्येक सूचना वाचतात आणि प्रत्येक मुदत पाळतात. नागरिकांकडे फक्त संख्या आहे, आणि ती मुदतीत कागदावर उतरली तरच मोजली जाते. महिना संपल्यानंतरच्या संतापाची नोंद कोणत्याही फायलीत होत नाही.